घराण्याचे हात

नागपूर
५ जानेवारी २०२५, रविवार

आत्या,

नमस्कार. तीर्थरूप वगैरे लिहिलं की तू म्हणतेस, "मी का देऊळ हाये?" म्हणून नुसतं आत्या. फोन केला असता, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं, उरलेलं तू मनाने जोडतेस आणि त्या जोडलेल्यावरून मला रागावतेस. त्यापेक्षा पत्र बरं. पोस्टमन तसाही तुझ्याकडे चहाला येतोच.

तर ऐक. माझे हात बिघडलेत.

डिसेंबरच्या मध्यावर आधी लाल झाले, झोंबले. मला वाटलं थंडीने फुटले, खोबरेल लावलं. मग हळूहळू काळपट पट्टे उमटले. बोटांवर, मनगटावर आणि तिथून कोपराकडे, कोणी हातावर चहा ओघळू दिल्यासारखे. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर फुल बाह्या घालून मोकळी झाली असती. माझं तसं नाही ना. चार वर्षं मी इतवारीतल्या या दुकानात बांगड्यांच्या काउंटरवर आहे. गिऱ्हाइकाआधी बांगडी माझ्या हातात चढते. तो हात बघून बायका ठरवतात.

मालक भैयाजी मनाने वाईट नाहीत. पण परवा मला बोलावून म्हणाले, "भूमिका, हात ठीक होये परेंत तू आत बैस, टॅग लावत जाय. पाडव्याले गर्दी राहते. तोवर नाही झालं तं मले काउंटरवर दुसरी पोरगी पाहा लागन." तेव्हापासून आतल्या खोलीत ट्यूबलाइटखाली बसून मी अंगठ्यांना दोऱ्याने चिठ्ठ्या बांधते आहे. बाहेर माझ्या जागी एक नवी मुलगी उभी असते. तिला तोडे आणि पाटल्यांतला फरक कळत नाही, पण हात दुधासारखे आहेत.

म्हणून धरमपेठेत एका स्किनच्या डॉक्टरकडे गेले. बाप रे, काय तो दवाखाना! पांढरे सोफे, उदबत्तीसारखा पण उदबत्तीचा नाही असा वास, पाण्याच्या भांड्यात काकडीचे काप. फॉर्ममध्ये आजार एका ओळीत विचारला होता आणि "घरात येत्या सहा महिन्यांत काही कार्य आहे का" याला मात्र चार ओळी होत्या. मग एका खोक्यात तोंड घालायला लावलं. पडद्यावर माझा चेहरा आला, सगळा निळा-जांभळा, आणि खाली लिहून आलं: त्वचेचं वय एकेचाळीस. मी सव्वीस वर्षांची आहे आणि हात दाखवायला गेले होते, हे मी दोनदा सांगितलं.

डॉक्टरांनी मला दोन मिनिटं दिली. हात हातात घेतला नाही, पडद्यावरच बघितला. "पिगमेंटेशन. मुग्धा समजावून सांगेल." मुग्धा म्हणजे बाजूच्या काचेच्या केबिनमधली काउन्सेलर. गोड बोलणारी, माझ्याच वयाची. तिने विचारलं, "घरात अजून कुणाचे असे हात आहेत?" मी म्हटलं, आत्याचे आहेत, आजोबांचे होते. "फोटो आहे?" होता. डिसेंबरात मी काटोलला आले होते त्या रविवारचा, तू टोपलं धरून हसते आहेस तो. तिने तो मोठा केला, तुझं हसू कापलं, टोपलं कापलं, नुसते हात ठेवले. शेजारी माझे हात लावले. "बघा मॅम, हे तुम्ही आज. आणि हे तुम्ही वीस वर्षांनी. जेनेटिक आहे, आपोआप थांबणार नाही."

मग आठ सिटिंगचं पॅकेज. त्यात चेहरा मोफत, पण आजच बुक केलं तर. मी का-कू केलं तेव्हा तिने "सरांना स्पेशल विचारते" म्हणून फोन लावला. आत्या, हे मीही करते! गिऱ्हाईक अडून बसलं की मी भैयाजींना फोन लावते, घडणावळ कमी करून घेते, आणि कित्येकदा पलीकडे कोणी नसतंच. मला सगळं कळत होतं आणि तरी मी मोबाइल काढून अर्धे पैसे भरले. पहिलं सिटिंग वीस तारखेला आहे.

फोटो दाखवला म्हणून रागावू नकोस. तुझे हात मी लहानपणापासून बघते, त्यांनी मला भरवलंय, मला ते कधी वेगळे वाटलेच नाहीत. त्या पडद्यावर मात्र मला त्यांची भीती वाटली. हे लिहायला नको होतं, पण तुला खोटं लिहिता येत नाही.

बाकी तो रविवार फार छान होता. शेडातल्या मोटरच्या आवाजात तुला माझं बोलणं ऐकू येईना म्हणून आपण खुर्च्या बाहेर उन्हात घेतल्या आणि दिवसभर जंबेरी पिळत गप्पा मारल्या. त्या खडबडीत लिंबांचं इतकं बी मी जन्मात पाहिलं नव्हतं. पाडव्याला तू दुकानात ये. तोवर मी काउंटरवर असेन, तुला माझ्या हाताने बांगडी दाखवीन. चार वर्षांत तू एकदाही आली नाहीस.

तुझी,
भूमिका


काटोल
१२ जानेवारी २०२५

भूमिका,

अनेक आशीर्वाद. सोबत तिळाचे लाडू आहेत, दोन फुटले असतील तर ते आधी खा. तुझ्या बापाला, रुपरावला, चारच दे. माझा भाऊ असला तरी त्याचं गोड आता बेताचं हवं.

इकडे सगळं ठीक. जंबेरीचं बी वाफ्यात पेरून झालं. रोपं पेन्सिलीएवढी झाली की त्यांच्यावर संत्र्याचे डोळे बांधून कलम करायचं, म्हणजे पुढच्या वर्षीचं काम आत्ताच मातीत गेलं. पुष्पलता चांगली तयार झाली आहे. तुला आठवते ना, ती रामटेककडची? आजवर आपल्या नर्सरीत बी काढायला भावकीतल्याच लेकी असायच्या, ही पहिलीच बाहेरची. धानाच्या मुलखातली, म्हणून म्हणते, "आमच्याकडं चिखलात राबते बाई, तुमच्याकडं आंबटात."

हाताचं म्हणशील तर डॉक्टर म्हणतात ते खरंच असेल. मलाही तेच सांगत आले सगळे. तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते. मी एकोणीस वर्षांची असताना वरूडकडची मंडळी मला पाहायला आली होती. सगळं बरं चाललं होतं. मुलाच्या मावशीने कुंकू लावताना माझा हात धरला आणि सोडला नाही. म्हणाली, "हे काय हाये? घराण्यात हाये का?" बापूजी तिथेच बसले होते. त्यांनी आपले दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, "माह्येच हात हाये थे. पोरगी माह्यावर गेली." मोठ्या कौतुकाने म्हणाले. माझ्या बापाला कपट ठाऊक नव्हतं. मंडळी चहा पिऊन गेली आणि त्यांचं उत्तर आलं नाही. पुढे दोन ठिकाणी तसंच झालं. मग मीच म्हटलं, पुरे. तुझा बाप आईवर गेला, गोरे हात घेऊन एसटीत कंडक्टर झाला. मी बापूजींवर गेले, नर्सरीत राहिले. मला त्याचं दुःख नाही, पण तुझ्या वाट्याला ते यावं असं वाटत नाही.

तेव्हा तू उपचार घे. आठ म्हणाले तर आठ घे. माझ्यासारखे हात तुला नकोत, तुझं पोट हातावर आहे.

पाडव्याचं मात्र जमणार नाही. सोन्याच्या दुकानात मी काय करू? मखमलीवर ठेवायचे हात वेगळे असतात. तू चार वर्षं बोलावते आहेस आणि मी चार वर्षं काम आहे म्हणून सांगते आहे. काम असतंच, पण खरं कारण हे.

फोटोचं मनावर घेऊ नकोस. मी घेतलं नाही.

तुझी आत्या
जिजा


नागपूर
२६ जानेवारी २०२५

आत्या,

"मी घेतलं नाही" हे तू इतक्या जोरात लिहिलंस की कागदाला मागून उठलंय.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा बाबांनी विचारलं, "काहून रडून राहिली?" त्यांना दिलं वाचायला. ते वाचून गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांना वरूडची मंडळी माहीत होती, बापूजी काय बोलले ते माहीत नव्हतं.

आता वीस तारखेचं ऐक. मी गेले. सोफ्यावर बसले. मुग्धाच्या केबिनचं दार अर्धं उघडं होतं, आत एक विशीतली मुलगी आणि तिची आई. पडद्यावर दोन हात. आधी मला वाटलं, असतील कुणाचे तरी. मग बोटातली तांब्याची अंगठी दिसली, तू उष्णतेसाठी घालतेस ती. मुग्धा सांगत होती, "ह्या पेशंटनी वेळेवर लक्ष दिलं नाही. आता बघा."

आत्या, मी दुकानात शिकलेलं सगळं गोड बोलणं विसरले. सरळ आत गेले. म्हटलं, "तो फोटो आत्ताच्या आत्ता काढा. थे पेशंट नाही, थे माही आत्या हाये. त्या हातानं बांधलेल्या झाडाचे संत्रे तुम्ही खाल्ले असान." मुग्धा उठून उभी राहिली. "मॅम, शांत व्हा, आपण बाहेर बोलू. तुम्हाला मी एक सिटिंग कॉम्प्लिमेंटरी देते." मी म्हटलं, मला काही नको, फोटो माझ्यासमोर पुसा. पुसला. मी उभी राहून बघितलं.

त्या मुलीची आई माझ्या मागोमाग उठली. लिफ्टमध्ये मी विचारलं, तुम्ही कशासाठी आला होता? मुलीने गाल दाखवला. दोन पुटकुळ्या! त्यांच्यासाठी तुझे हात.

भरलेले पैसे परत मिळायचे नाहीत म्हणाले, हवं तर फेशियल करून घ्या. नाही घेतलं. पण मुग्धाला मी काय बोलणार? तिने फोटो कापला तेव्हा मी समोर बसून बघत होते. तुझं हसू गेलं, टोपलं गेलं, आणि मी "हो हो" करत मान हलवली. त्या पडद्यावर मला तुझ्या हातांची भीती वाटली असं मी तुलाच लिहिलं, आणि ते वाचून तू मला आठ सिटिंग घे म्हणालीस. मला माफ कर, आत्या.

हात तसेच आहेत. मी अजून आतच आहे. नवीला आता तोडे ओळखता येतात. पाडव्याला दोनच महिने उरलेत, आणि घराण्यातलंच असेल तर पाडव्यापर्यंत काय आणि दिवाळीपर्यंत काय. गेली जागा तर जाऊ दे असं रोज सकाळी ठरवते, आणि दुकानाच्या पायरीवर चढताना पुन्हा हात निरखते.

पण तू ये. मी काउंटरवर नसले तरी ये.

तुझी,
भूमिका


काटोल
५ फेब्रुवारी २०२५

भूमिके,

भैताड पोरी, माफी कसली मागतेस? रागावायचं होतं ते मी तेव्हाच मनातल्या मनात रागावून घेतलं. संपलं.

आता मी सांगते ते सावकाश वाच. मीही सावकाश लिहिते आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा दुपारची भाकर खायला आम्ही बसलो होतो. पुटकुळ्यांचं वाचून मला हसू आवरेना, म्हणून पुष्पलतालाही वाचून दाखवलं. मग तिने सगळंच विचारलं: कुठले हात, कुठलं घराणं? मी सांगितलं, बापूजींचे असे, माझे असे, आता भाचीचेही झाले, आमच्या रक्तातच आहे. तिने हातातली भाकर खाली ठेवली, आपला उजवा हात माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "मंग बाई, मी तुमच्या घराण्यात कवा आली?"

मी बघितलं. दोन हंगाम ती माझ्या शेजारी बसते आहे आणि मी तिचा हात आज पहिल्यांदा बघितला. तोच रंग. तेच ओघळ. बाई रामटेकची, तिचा माझा सात पिढ्यांत संबंध नाही.

म्हटलं, "हे कधीपासून?" तर म्हणाली, इथे आल्यापासून. नवऱ्याने विचारलं, चुलीत हात घातला का? डावा हात तिचा चांगला आहे. कारण ती डाव्या हातात टोपलं धरते आणि उजव्याने पिळते.

मग मी उठले. जेवण तसंच. नर्सरीत फिरून बाकीच्या बायकांचे हात बघितले, त्यांना वाटलं म्हातारी फिरली. ज्या नुसत्या पिशव्यांत माती भरतात त्यांचे हात मातीचे आहेत, धुतले की साफ. ज्या जंबेरी पिळतात आणि तशाच हातांनी उन्हात वाफ्यांवर जातात त्यांचे असे. चुलत भावाची लेक माती भरते, ती तर आपल्याच रक्ताची, आणि तिचे हात बघ! रंग रक्तातला असता तर नेमका कोपरापर्यंतच कसा आला असता गं? आणि रक्तातला रंग चहासारखा ओघळला असता का? तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस आणि मी वाचून सोडून दिलं.

साठ वर्षं मला का कळलं नाही असं तू विचारशील. कोणी विचारलंच नाही. बी काढणारे सगळे आपलेच, काळे हात सगळ्या आपल्यांचे, मग ते आपल्या घराण्याचे. तुझा बाप अठराव्या वर्षी घरून गेला, त्याचे हात निवळले, तर आम्ही म्हणालो आईवर गेला.

संध्याकाळी मी टाक्याजवळ बसून रडले. स्वतःसाठी थोडं, खोटं सांगत नाही. एका टोपल्याभर लिंबांपायी माझं सासर राहिलं, असंही मनात आलं. पण जास्त बापूजींसाठी. शेवटच्या आजारात ते माझे हात आपल्या हातात घ्यायचे, उलटे-सुलटे करून बघायचे. एकदा म्हणाले, "जिजा, माफ कर वं मले." मला वाटलं, तापात बोलत आहेत. आता कळतं कशाची माफी होती. आपल्या रक्ताने लेकीचं लग्न मोडलं, हे घेऊन माझा बाप गेला.

तू एखाद्या डॉक्टरला विचार. काकडीचं पाणी न देणाऱ्या. जो हात हातात घेईल अशा.

तुझी आत्या


नागपूर
१७ फेब्रुवारी २०२५

आत्या,

विचारलं. तू शंभर टक्के बरोबर.

सरकारी दवाखान्यात गेले, सकाळी आठपासून ओळीत. पंखा बंद, बाकडं मोडकं, पाण्यात काकडी सोडा, पाणीच नव्हतं. साडेअकराला नंबर लागला. चष्म्यावरून बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई, निवृत्तीला आलेल्या. त्यांनी माझा हात धरला, उलटा केला, बाही वर सारून ओघळ बघितला आणि विचारलं, "लिंबू पिळलं होतं का कुठं? उन्हात?"

मी म्हटलं, जंबेरी. संत्र्याचं कलम ज्या रोपावर बांधतात त्याचं लिंबू. त्या हसल्याच. "मंग काय विचारता!" मग समजावून सांगितलं. नुसता रस लागला तर फार काही होत नाही, नुसत्या उन्हानेही नाही. पण लिंबाच्या जातीचा रस अंगावर असताना ऊन लागलं की कातडी पोळते आणि मग काळी पडते. आपलं आपण निवळतं, काही महिने लागतात. हात झाकायचे, उन्हापासून जपायचे. सावलीत बसून काम केलं आणि साबणाने हात धुतले की झालं.

आणि आत्या, गंमत म्हणजे मी उठेना. मला वाटलं आता कोणीतरी मला बाजूच्या केबिनमध्ये नेईल. बाई म्हणाल्या, "जाय ना, बाई. मांगं लाइन लागून राहिली."

मग मी तुझं विचारलं. त्या म्हणाल्या, वर्षानुवर्षांचे आहेत, फिके होतील, पूर्ण जाणार नाहीत कदाचित. पण घराण्याचे नाहीत. मी म्हटलं, एवढं लिहून द्याल? त्यांनी पेनचं टोपण काढलं. मग केसपेपरच्या पाठीमागे लिहिलं: "हातांवरील डाग कामामुळे झालेले आहेत. आनुवंशिक नाहीत." खाली सही. तो कागद सोबत पाठवते आहे. मी त्याची झेरॉक्स काढून ठेवली आहे, एक बाबांनी पाकिटात ठेवली. मूळ कागद बापूजींच्या फोटोजवळ राहू दे.

हात थोडे निवळलेत, पण दिसतात अजून. भैयाजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं, रोग नाही. पण गिऱ्हाइकाले कोन समजावून सांगन? पाडवा होऊ दे, मंग पाहू." म्हणजे मी आतच. "मंग पाहू" म्हणजे काय ते मला कळतं, त्या नवीला परवा युनिफॉर्म मिळाला.

पण ३० मार्चला पाडवा आहे आणि तू येणार आहेस. आता कारण उरलेलं नाही तुझ्याकडे.

तुझी,
भूमिका


काटोल
३ एप्रिल २०२५

भूमिका,

सुखरूप पोचले. बसमध्ये जागा मिळाली, रुपरावने खिडकीतून रुमाल टाकून धरली होती, कंडक्टरकी सुटली तरी सवय सुटत नाही.

तू आतल्या खोलीत होतीस, म्हणून बाहेर काय झालं ते तुला नीट कळलं नाही. भैयाजींनी तुला काय सांगितलं असेल ते असो, माझ्याकडून ऐक.

मी बाकावर बसले होते. पदरात हात घेऊन, कागद आला तरी सवय जात नाही. समोर कोंढाळीकडची एक बाई बसली होती, बरोबर नवरा. बांगड्या बघत होती. ती नवी पोरगी बांगडी आपल्याच हातात चढवून दाखवायची आणि म्हणायची, "काकू, हात द्या ना." बाई म्हणायची, "राहू द्या, तुमच्याच हातात दाखवा." चार जोड झाले. नवरा कंटाळला. बाईला बांगडी हवी होती, तिच्या डोळ्यांत दिसत होतं, पण हात काही पदराबाहेर येईना. आता पदराखाली हात कसा धरतात आणि का धरतात हे मला कोणी शिकवायला नको.

मी उठले. त्या लाल मखमलीवर सरळ हात ठेवला आणि म्हटलं, "माह्या हातात घालून दाखव वं पोरी." पोरगी गोंधळली. बांगडी माझ्या बोटांच्या पेरावर अडली, साबण लावून चढवली. मग मी हात फिरवून त्या बाईला दाखवला. ती बांगडीकडे कमी आणि हाताकडे जास्त बघत होती. म्हणाली, "तुमी वावरात जाता का?"

"नर्सरी हाये माही. संत्र्याचे कलमं बांधतो."

तिने हात बाहेर काढला आणि माझ्या हाताशेजारी ठेवला. कापूस वेचून चिरलेला, खरखरीत. आम्ही दोघी बघू लागलो कुणाचा जास्त काळा. "माहाच," मी म्हटलं. ती हसली. तिने बांगडी घातली, हात लांब धरून बघितला, नवऱ्याला दाखवला. मग बाकावरच्या अजून दोघी पुढे आल्या. सगळ्या कामाच्या बाया. एकीने तर हात थेट पोरीच्या पुढ्यातच टेकवला.

भैयाजी गल्ल्यावरून बघत होते. मला म्हणाले, "मायबाई, तुम्ही कोन?"

"भूमिकाची आत्या. थे आत बसून टॅग लावून राहिली."

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, त्या बायांकडे बघितलं आणि आत आवाज दिला, "भूमिका, बाहेर ये. हात धुऊन ये." पुढचं तुला माहीत आहे. तू आलीस, डागांसकट मखमलीवर हात ठेवलास आणि संध्याकाळपर्यंत उठली नाहीस. मला चहा विचारायलाही वेळ नव्हता तुला. मला त्याचा राग आला नाही, लिहून ठेवते.

मी बांगडी घेतली नाही. डोळा बांधताना मनगटावर काही असलं की सुरी अडते. तुला वाईट वाटलं ते दिसलं मला, पण मी चार वर्षांनी तिथे आले ते बांगडीसाठी नव्हतेच.

कागद बापूजींच्या फोटोमागे ठेवला आहे. ठेवण्याआधी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. मला कमी ऐकू येतं आणि त्यांना तर आता काहीच नाही, तरी दोनदा वाचला. पुष्पलता दारात उभी राहून ऐकत होती. "झालं, बाई," म्हणाली, "आता त्याइले समजलं."

एक राहिलं. तू लिहिलंस की डॉक्टरीणबाईंनी ऊन विचारलं. आपण उन्हात का बसलो होतो, ते या खेपेला तू लिहिलं नाहीस. मला वाईट वाटेल म्हणून ना? मला आठवतं गं. तू सांगत होतीस आणि मोटरच्या आवाजात मला ऐकू येत नव्हतं. मीच खुर्च्या ओढून उन्हात नेल्या. तू इतक्या दिवसांनी आली होतीस, मला तुझं सगळं ऐकायचं होतं. त्याच्यापायी तुझे हात पोळले.

डिसेंबरात जंबेरी पिकतील तेव्हा ये. खुर्च्या शेडात, सावलीत मांडीन. मोटर बंद ठेवीन. रोपांना एक दिवस पाणी उशिरा मिळालं तर मरत नाहीत. तू बोल, मी ऐकते.

तुझी आत्या